ब्रेक बदलण्याआधी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



उमरखेडला माझं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. १९९९ साली सुरू केलं. नागपूरहून यवतमाळ, महागाव करत येणारा आणि पुढे पैनगंगा ओलांडून हदगाव, नांदेड, तुळजापूरकडे जाणारा महामार्ग आमच्या गावावरून जातो. रस्ता रुंद होत गेला तसे गाड्यांचे वेग वाढले आणि वेगाबरोबर माझं गिऱ्हाईकही बदललं. पूर्वी लोक विचारायचे, ‘ॲव्हरेज किती देईल?’ आता तरुण पोरं विचारतात, ‘पिकअप कसा आहे? शंभरला किती वेळात जाते?’ शंभरवरून शून्यावर किती वेळात येते, हे मला इतक्या वर्षांत फार तर दोघा-तिघांनी विचारलं असेल.

आज मी ब्रेकविषयी बोलणार आहे. ताकदवान मोटारसायकलला आणखी चांगला ब्रेक बसवावा, मोठा कॅलिपर लावावा, भारी पॅड टाकावेत अशी इच्छा ज्यांना होते, त्यांच्यासाठी हे बोलणं आहे. इच्छा वाईट नाही. उलट सायलेन्सर फाडून आवाज वाढवणाऱ्यांपेक्षा ब्रेकवर पैसे घालणारा पोरगा मला केव्हाही शहाणा वाटतो. पण या कामात माझ्या हातून एक चूक झाली. ती सांगायची आहे म्हणूनच हे निमंत्रण मी स्वीकारलं.

सुरुवात माझ्या मामाच्या गाडीपासून करतो. मामाकडे राजदूत ३५० होती. एस्कॉर्ट्स कंपनीने यामाहाच्या आरडी ३५० वरून १९८३ साली ती आपल्या देशात आणली. दोन सिलिंडर, टू स्ट्रोक. पहिल्या गाड्यांची ताकद साडेतीस हॉर्सपॉवर होती. रस्त्यावर बाकी बऱ्याच गाड्या सात-आठ हॉर्सपॉवरच्या असताना ही गाडी म्हणजे बैलगाडीच्या शर्यतीत सोडलेला घोडा. मात्र परदेशातल्या आरडी ३५० ला पुढच्या चाकात डिस्क ब्रेक होता, आपल्याकडच्या गाडीला ड्रम ब्रेक दिला. ड्रम साधा नव्हता. त्यातले दोन्ही शू पुढे ओढ घेणारे होते, दाब चांगला यायचा. पण एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा जोरात दाबला की तो तापायचा. ड्रम तापला की फुगतो आणि शूपासून लांब जातो. लायनरची पकडही उष्णतेने कमी होते. पावसात आत पाणी शिरलं की आणखी वेगळा तमाशा. इंग्रजीतल्या आर आणि डी या अक्षरांवरून लोकांनी या गाडीला ‘रॅपिड डेथ’ असं नाव पाडलं होतं. दोष एकट्या ब्रेकचा नव्हता, चालवणाऱ्यांचाही होता. पण इंजिन एका जमान्याचं आणि ब्रेक दुसऱ्या जमान्याचा, ही जोडी धोक्याची होती हे खरं. पुढे ज्यांनी या गाड्या जपल्या, त्यांच्यातल्या पुष्कळांनी नव्या गाड्यांचे डिस्क ब्रेक त्यांना बसवून घेतले. ब्रेक ‘अपग्रेड’ करण्याचा धडा आमच्या पिढीच्या मेकॅनिकांनी त्याच गाडीवर गिरवला.

मग डिस्क ब्रेक सर्रास दिसू लागले. १९९९ ची सीबीझेड, २००१ ची पल्सर. २००७ मध्ये पल्सर २२० आली, तिला पुढे-मागे दोन्हीकडे डिस्क होत्या. २०१२ मध्ये चाकणच्या कारखान्यात तयार झालेली केटीएम २०० ड्यूक आली. तीनशे मिलिमीटरची पुढची डिस्क आणि चार पिस्टनचा कॅलिपर. त्यावर ‘बायब्रे’ असं लिहिलेलं असे. पोरं मला विचारायची, ही कुठली कंपनी? बायब्रे म्हणजे ‘बाय ब्रेम्बो’. ब्रेम्बो ही इटलीतली १९६१ सालची कंपनी, शर्यतीच्या गाड्यांच्या ब्रेकसाठी प्रसिद्ध. त्यांचा कारखाना आपल्या पुण्याजवळ आहे. तिकडे वाळूजला एन्ड्युरन्सचे कारखाने आहेत, तिथेही मोटारसायकलचे डिस्क ब्रेक बनतात. म्हणजे देशातल्या कितीतरी दुचाकींचे ब्रेक आपल्या महाराष्ट्रातच तयार होतात. या नव्या ब्रेकची पकड पाहून जुन्या गाड्यांच्या मालकांना वाटायला लागलं, आपल्याही गाडीला असाच कॅलिपर हवा.

असाच एक पोरगा २०१५ च्या हिवाळ्यात माझ्याकडे आला. वय बावीस-तेवीस. घरी हळद आणि ऊस. गाडी सव्वादोनशे सीसीच्या आसपासची. त्याच्या हातात जुन्या पोत्यात गुंडाळलेला एक कॅलिपर होता. मुंबईच्या भंगार बाजारातून आणलेला, कुठल्यातरी मोठ्या परदेशी गाडीचा. चार पिस्टन, सोनेरी रंग. खरं सांगतो, मलाही भुरळ पडली. असं काम तालुक्यात कोणी केलेलं नव्हतं. मी लेथवाल्याकडून ब्रॅकेट करून घेतलं, कॅलिपर शॉकअपला बसवला, ब्रेक ऑइल भरलं, हवा काढली. हँडलवरचा मास्टर सिलिंडर गाडीचा मूळचाच ठेवला. दुकानासमोरच्या रस्त्यावर चालवून पाहिली. एका बोटाने ब्रेक लागत होता. पोरगा खूष. फक्त एक गोष्ट त्याच्या लक्षात आली. म्हणाला, ‘भाऊ, लिव्हर थोडी खोल जाते.’ मी म्हणालो, ‘पॅड बसले की होईल बरोबर.’

पंधरा दिवसांनी रात्री तो हदगावकडून येत होता. पुलाच्या अलीकडे दोन-तीनदा जोरात ब्रेक मारावा लागला. पूल ओलांडल्यावर पुढे उसाची ट्रॉली, तिला मागे दिवा नाही. त्याने ब्रेक दाबला आणि लिव्हर सरळ हँडलच्या मुठीला टेकली. गाडी त्याने बाजूला काढली, तरी ट्रॉलीचा कोपरा लागलाच. मांडीचं हाड मोडलं, गळ्याजवळचं हाडही मोडलं. नांदेडला ऑपरेशन होऊन पायात रॉड टाकला. जीव वाचला.

पंचनामा झाल्यावर गाडी टेम्पोतून माझ्याकडे आली. बरोबर त्याचे वडील होते. ते आरडाओरडा करतील असं वाटलं होतं. ते स्टुलावर बसले आणि एवढंच म्हणाले, ‘ब्रेक तुमीच बसवला व्हता ना, भाऊ?’ मी हो म्हणालो. मग त्यांच्यासमोरच उघडायला घेतलं.

लिव्हर दाबली तर स्पंजासारखी. कॅलिपरच्या हवा काढायच्या निपलला नळी लावली आणि दुसरं टोक ऑइल भरलेल्या काचेच्या बाटलीत सोडलं. नीटच आलं, हवा नाही. मग मला शंका आली. मी कॅलिपर ब्रॅकेटवरून सोडवला, पॅडच्या मध्ये लाकडाची फळी घातली आणि निपल अगदी वर येईल असा हातात धरला. पुन्हा लिव्हर दाबली. बाटलीत बुडबुडे आले. एक नाही, बरेच.

‘हे काय हाय?’ वडिलांनी विचारलं.

‘हवा.’

‘ती नसाया पायजे व्हती?’

‘नसायला पाहिजे होती.’

ते काही बोलले नाहीत. मजुरीचे पैसे मी परत दिले. त्यांनी न मोजता खिशात ठेवले आणि दवाखान्यात जायची बस पकडायला निघून गेले.

त्या रात्री मी सगळा हिशेब पुन्हा मांडला. चुका तीन होत्या.

पहिली चूक कळण्यासाठी ब्रेक कसा चालतो ते थोडक्यात सांगतो. डॉक्टरांकडच्या दोन पिचकाऱ्या घ्या, एक लहान, एक मोठी. सलाइनच्या नळीने जोडा आणि पाणी भरा. लहान पिचकारीचा दांडा दाबला की मोठीचा दांडा सरकतो. जोर वाढलेला असतो, पण सरकणं कमी झालेलं असतं. लहान पिचकारी म्हणजे हँडलवरचा मास्टर सिलिंडर, मोठी म्हणजे कॅलिपरचे पिस्टन. आता मोठी पिचकारी आणखी मोठी केली, तर जोर आणखी वाढेल, पण तिला तेवढंच सरकवायला लहान पिचकारीचा दांडा जास्त आत दाबावा लागेल. जोर फुकट मिळत नाही, त्याची किंमत लिव्हरच्या अंतराने मोजावी लागते. मी बसवलेल्या कॅलिपरचे पिस्टन मोठे होते. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर जुन्यापेक्षा जवळजवळ दीडपट. म्हणजे लिव्हरही जवळजवळ दीडपट खोल जाणार हे ठरलेलंच होतं. ‘पॅड बसले की होईल बरोबर’ हे माझं बोलणं निव्वळ अज्ञान होतं. मास्टर सिलिंडरही त्या मापाचा मोठा घ्यायला हवा होता. आणि तो नको इतका मोठा घेतला तर लिव्हर दगडासारखी कडक होते आणि ब्रेक लागतच नाही, हेही ध्यानात ठेवा. दोन्ही मापं जुळावी लागतात.

इथे एक गैरसमज दूर करतो. पोरांना वाटतं, दोन पिस्टनच्या जागी चार आले म्हणजे ब्रेक दुप्पट झाला. तसं नसतं. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचा कॅलिपर सरकता असतो. पिस्टन एकाच बाजूला असतात. ते आतला पॅड डिस्कवर दाबतात आणि त्या जोराने अख्खा कॅलिपर उलट सरकून बाहेरचा पॅड डिस्कवर ओढून आणतो. चार पिस्टनचा कॅलिपर बहुधा जागेवर पक्का असतो, दोन पिस्टन इकडून, दोन तिकडून. पिस्टन एकाच मापाचे असतील तर सरकत्या कॅलिपरचे दोन आणि पक्क्या कॅलिपरचे चार, दोघांची पकड सारखीच येते. चार पिस्टनचा फायदा वेगळा आहे. पॅड मोठा बसतो, त्यावर दाब सारखा पडतो, कॅलिपर कमी वाकतो आणि बोटाला ब्रेक नेमका कळतो. फायदा खरा आहे, पण तो नुसते पिस्टन मोजून कळत नाही.

दुसरी चूक ब्रॅकेटची. लेथवाल्याने काम सुबक केलं होतं, पण त्या ब्रॅकेटवर कॅलिपर किंचित कलता बसला. त्यामुळे हवा काढायचं निपल सगळ्यात उंच जागी राहिलं नाही. हवा नेहमी वर जाऊन बसते. निपल खाली आणि हवा वर, मग कितीही वेळ लिव्हर मारत बसा, ती निघणार कशी? ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. लिव्हरचं अंतर त्या बुडबुड्यातच खर्च होतं.

तिसरी चूक मला अजूनही सगळ्यात जास्त लागते, कारण ती टाळायला शंभर-दीडशे रुपयेसुद्धा लागले नसते. ब्रेक ऑइल मी फळीवरच्या फोडलेल्या डब्यातलं वापरलं होतं. डबा मागच्या पावसाळ्यातला. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ प्रकारचं ऑइल नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा दंडक आहे, ओल शोषल्यानंतर तोच आकडा १५५ वर येतो. सतत ब्रेक मारून कॅलिपर तापला की ओलसर ऑइल उकळतं, त्याची वाफ होते आणि वाफही हवेसारखीच दाबली जाते. दुकानासमोर गल्लीत एकदा ब्रेक मारून हे कळत नाही. ते कळतं रात्री, महामार्गावर, चौथ्या वेळी.

आता कोणी कॅलिपर घेऊन आला की मी आधी त्याला चहा देतो आणि गाडीचं जुनंच सामान तपासतो. दहातल्या सात गाड्यांना नव्या कॅलिपरची गरजच नसते. ऑइल काळं पडलेलं असतं. कंपनीच्या माहितीपुस्तकात साधारण दोन वर्षांनी ऑइल बदला असं असतं, पण ते पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीतून कोणी बाहेरच काढत नाही. रबरी पाइप म्हातारा झालेला असतो, दाब आला की फुगतो. सरकत्या कॅलिपरच्या पिना गंजून अडकलेल्या असतात, त्यामुळे एकच पॅड झिजलेला असतो. पिना साफ करून योग्य ग्रीस लावलं, नवं सीलबंद ऑइल भरलं, रबरीच्या जागी स्टीलच्या जाळीचा पाइप टाकला, की पोरगा परत येऊन विचारतो, ‘भाऊ, कॅलिपर बदलला काय?’

त्यानंतर पॅड. पुष्कळ पॅडच्या मागच्या पत्र्यावर दोन अक्षरं उमटवलेली असतात, एफएफ, जीजी, एचएच अशी. पहिलं अक्षर साध्या तापमानाच्या पकडीचं, दुसरं तापल्यावरच्या. अक्षर जितकं पुढचं तितकी पकड जास्त. एचएचचे पॅड बहुधा धातूची भुकटी तापवून, दाबून केलेले असतात. ते उष्णता सोसतात, पावसात चांगले चालतात, पण डिस्क लवकर खातात. रोज बाजारात आणि शेतात जाणाऱ्याला ते घेण्यात मला अर्थ दिसत नाही. नवे पॅड टाकले की पहिल्या दिवशी वीस-तीस वेळा मध्यम वेगावरून हळूहळू ब्रेक मारून ते डिस्कवर बसवावे लागतात. पहिल्याच फेरीत करकचून दाबले तर त्यांच्यावर काचेसारखा थर येतो. डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो, त्याखाली गेली की ती बदलायची. आणि बनावट पॅडपासून जपा. खोका हुबेहूब असतो, वास मात्र पहिल्या उतारावर येतो. ऑइल घेतानाही नाव नीट वाचा. डॉट ५ आणि डॉट ५.१ ही नावं भावांसारखी, माल पूर्ण वेगळा. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते आपल्या नेहमीच्या ऑइलमध्ये मिसळायचं नाही.

एवढं करूनही ज्याला कॅलिपर हवाच असेल, त्याने मापाचा मास्टर सिलिंडर, त्याच गाडीसाठी बनवलेलं ब्रॅकेट आणि डिस्क असा सगळा संच एकत्र घ्यावा. १ एप्रिल २०१९ पासून सव्वाशे सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं. अशा गाडीत पाइप एबीएसच्या डब्यातून जातो, चाकाजवळ वेग मोजणारी दातेरी चकती असते. त्या गाडीत मी स्वतः कॅलिपर-डिस्कचा बदल करत नाही. आत अडकलेली हवा काढायला कंपनीचं मशीन लागू शकतं, ते माझ्याकडे नाही. नाही म्हणायला मला आता लाज वाटत नाही.

थोडे आकडे सांगतो. ताशी ६० च्या वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. समोरचं दिसून हात लिव्हरपर्यंत पोहोचायला तो एक सेकंद जातो. मग चांगला टायर, कोरडा डांबरी रस्ता आणि ठीक ब्रेक असेल तर आणखी सुमारे २० मीटर. एकूण ३७. ताशी १०० ला हाच हिशेब पहिल्या सेकंदाचे २८ आणि ब्रेकचे ५६, एकूण ८४ मीटर. वेग दुपटीपेक्षा कमी वाढला, अंतर दुपटीहून जास्त वाढलं. डिप्परवर असलेल्या हेडलाइटचा उजेड तेवढा लांब पोहोचत नाही. दिवा नसलेली ट्रॉली दिसेपर्यंत तुम्ही तिच्यापाशी असता, ब्रेक कुठल्याही कंपनीचा असो.

आणि ब्रेक चाक थांबवतो, गाडीला टायर थांबवतो. आमच्याकडे हिवाळ्यात शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर काळी माती डांबरावर येते. वरून दव पडलं की तिथे साबण लावल्यासारखं होतं. तिथे महागडा कॅलिपर तुम्हाला फक्त लवकर पाडेल. खेड्यापाड्यांत आणखी एक समज आहे की पुढचा ब्रेक दाबला की गाडी उलटते, म्हणून लोक आयुष्यभर मागचाच ब्रेक दाबतात. खरं तर ब्रेक लागला की बरंचसं वजन पुढच्या चाकावर येतं आणि थांबवण्याचं बहुतेक काम तेच चाक करतं. सरळ गाडी, मोकळा रस्ता पाहून, पुढचा ब्रेक हळूहळू वाढवत दाबायची सवय रोज दहा मिनिटं करा. त्याला पैसे लागत नाहीत.

तो सोनेरी कॅलिपर अजून माझ्या दुकानात फळीवर आहे. एक-दोघांनी विकत मागितला, दिला नाही. पोरगा बरा झाला. थोडा लंगडतो, ट्रॅक्टर स्वतः चालवतो, आणि ट्रॉलीला मागे लाल रेडियमच्या पट्ट्या त्याने स्वतःच लावल्या आहेत. मागच्या दिवाळीत धाकट्या भावाची गाडी घेऊन पॅड आणि ऑइल बदलायला आला. मी निपल सोडायला पाना लावला, तेव्हा भावाला बाजूला सारून तो स्वतः लिव्हर धरून बसला. हवा गेली असं मी दोनदा म्हणालो. तो बाटलीकडे पाहत म्हणाला, ‘अजून एकदा काढा, भाऊ.’ मी अजून एकदा काढली.